बी कोणाचे, शेत कोणाचे?

१

जातिव्यवस्थेची चर्चा करताना आपण धर्मग्रंथ, रूढी, उत्पादनसाधनांची मालकी आणि राजकीय सत्ता यांचा विचार करतो. तो आवश्यकच आहे. परंतु ही व्यवस्था ज्या साध्या शब्दांच्या आधाराने माणसाच्या मनात ठाण मांडून बसते, त्या शब्दांची झडती आपण पुरेशी घेतलेली नाही. बी, बीज, वाण, जात, कूळ, वंश, क्षेत्र, संकर हे शब्द घ्या. शेतकरी ते पिकासाठी आणि जमिनीसाठी वापरतो. तेच शब्द माणसाची जन्मावरून प्रतवारी लावण्यासाठीही वापरले गेले आहेत. बियाण्याची पिशवी निवडताना आणि मुलाचे स्थळ पाहताना आपल्या तोंडी जवळजवळ एकच शब्दसंग्रह असतो, आणि त्यात काही वावगे आहे असे कुणाला वाटत नाही.

यातून दोन प्रश्न उभे राहतात. शेतीला हीन मानणाऱ्या वर्गाने माणसाची प्रतवारी लावण्यासाठी शेतीचीच भाषा का उचलली? आणि ज्यांचे हात प्रत्यक्ष बियाण्यात होते, त्या कष्टकऱ्यांच्या लेखी ‘बी’ या शब्दाचा अर्थ काय होता?

हे प्रश्न सानपाड्यात बसून विचारायला विशेष कारण आहे. आज येथे रेल्वेस्थानक, गाड्यांचे आगार, पामबीच रस्ता आणि उंच इमारती आहेत. शेजारच्या तुर्भे-वाशी भागात मुंबईचा दाणाबाजार आहे. देशभरातले धान्य येथे पोत्यांतून उतरते, माथाड्यांच्या पाठीवरून गोदामात जाते आणि पुन्हा गाडीवर चढते. धान्याचे एवढे ढीग, पण पेरायला शेत नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वी हीच भूमी आगरी-कोळ्यांच्या भातखाचरांची, खाजणांची आणि मिठागरांची होती. दाणा आहे पण बी नाही, अशी ही जागा आहे. दाणा आणि बी यांतला हा भेदच या लेखाचा विषय आहे.

२

प्रथम शब्दांचा पसारा पाहू. मराठीत ‘बी’ म्हणजे फळातली बी, ‘बियाणे’ म्हणजे पेरण्यासाठी राखलेले धान्य आणि ‘बेणे’ म्हणजे ऊस, हळद, बटाटा यांची लावण्यासाठी ठेवलेली कांडी किंवा गड्डा. हेच ‘बेणे’ बोलण्यात माणसाला लावले की त्याला शिवीचा वास येतो. ‘कुणाचं बेणं आहे हे?’ या प्रश्नात माणसाच्या गुणावगुणांची चौकशी नसते, त्याच्या बापाची असते.

‘बीज’ हा संस्कृत शब्द वर चढला की त्याला तत्त्वज्ञान चिकटते. मंत्रशास्त्रात बीजमंत्र आणि बीजाक्षर आले. गणितात अज्ञात राशीपासून उत्तर उगवते म्हणून बीजगणित आले. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी त्याच नावाचा ग्रंथ लिहिला. सभासंमेलनांत बीजभाषण असते, उद्योगात बीजभांडवल असते. बौद्ध विचारातही हा शब्द आहे. योगाचार पंथाने कर्माच्या संस्कारांना बीजे मानले आणि ती साठवणाऱ्या विज्ञानाला आलयविज्ञान म्हटले. सुत्तनिपातातल्या कसिभारद्वाज सुत्तात नांगरणाऱ्या ब्राह्मणाशी बोलताना बुद्ध स्वतःला शेतकरी म्हणवतात आणि श्रद्धेला आपले बी म्हणतात. येथे बी आचरणाचे आहे, जन्माचे नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. (भाऊबीज आणि तुकाराम बीज यांतली ‘बीज’ मात्र या कुळातली नव्हे. ती द्वितीया या तिथीची झीज आहे.)

आता बीच्या आसपासचे शब्द पाहा. ‘वाण’ हा ‘वर्ण’ या शब्दाचा मराठी अवतार. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो, या म्हणीत वाण म्हणजे रंग. कृषिखात्याच्या पत्रकात वाण म्हणजे पिकाचा प्रकार. ‘जात’ तर दोन्हीकडे राजरोस चालते. भाताची सुधारित जात शेतकरी विचारून घेतो आणि नव्या भाडेकरूची जात घरमालक आडून विचारतो. ‘वंश’ या संस्कृत शब्दाचा एक मूळ अर्थ बांबू. औषधातल्या वंशलोचनात तो अजून शिल्लक आहे. एका पेरातून दुसरे पेर निघावे तशी बापातून मुलगा ही कल्पना त्यात आहे. ‘कूळ’ म्हणजे घराणे आणि ‘कूळ’ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा माणूस. एक कूळ देव्हाऱ्यात पुजले जाते, दुसरे कूळ खोताच्या अंगणात उभे असते. दोघांसाठी भाषेला एकच शब्द पुरला.

सर्वांत बोलका शब्द ‘संकर’. भगवद्गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाला युद्धाच्या ज्या परिणामांचे भय वाटते त्यांत वर्णसंकर आहे. १९६४ मध्ये सी.एस.एच.-१ ही संकरित ज्वारी आली, तेव्हा तोच शब्द खेड्यापाड्यांत उत्पन्नवाढीची खूण म्हणून पोचला. ज्या बांधावर शेतकऱ्याने संकरित बियाण्याचे स्वागत केले, त्याच बांधावर आंतरजातीय लग्न करणाऱ्या पोरांचे मुडदे पडलेले आपण पाहिले आहेत. शेतातला संकर प्रगती आणि घरातला संकर पाप, हा दुटप्पीपणा एका शब्दाच्या पोटात राहतो.

३

शेतीच्या भाषेतून माणसाचा कायदा कसा तयार झाला, हे पाहण्यासाठी मनुस्मृतीकडे जावे लागते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा ग्रंथ जाळला. जाळलेला ग्रंथ पुन्हा कशाला वाचायचा, असे काही तरुण कार्यकर्ते विचारतात. तो वाचायचा, कारण त्याचे शब्द अजून आपल्या तोंडात आहेत.

नवव्या अध्यायात स्त्रीला क्षेत्र आणि पुरुषाला बीज म्हटले आहे. एकाच जमिनीत निरनिराळी बीजे पेरली तरी प्रत्येक आपापल्या स्वभावाप्रमाणेच उगवते, म्हणून संततीचा गुण बीजाचा, असा त्याचा युक्तिवाद. म्हणजे मूल बापाचे, आई केवळ जमीन. पण पुढे काही श्लोकांतच सूर बदलतो. दुसऱ्याच्या शेतात कुणी बी पेरले तर पीक पेरणाऱ्याचे नाही, शेताच्या मालकाचे. दुसऱ्याचा बैल गाईवर गेला तरी वासरू गाईच्या मालकाचे. वाऱ्याने किंवा पुराने वाहून आलेले बी ज्याच्या शेतात उगवेल, पीक त्याचे.

वरवर पाहता ही विसंगती वाटते. आधी बीज श्रेष्ठ, मग क्षेत्राचा धनी श्रेष्ठ. प्रत्यक्षात यात कमालीची सुसंगती आहे. गुणाचा प्रश्न आला तेव्हा बीज मोठे ठरले आणि आईचा वाटा गेला. मालकीचा प्रश्न आला तेव्हा क्षेत्रपती मोठा ठरला आणि पेरणाऱ्याचा वाटा गेला. दोन्ही निवाड्यांत जी हरते ती स्त्री आणि जो हरतो तो बिनजमिनीचा कष्टकरी. जी स्वतःच शेत, तिला शेताची मालकी कशी मिळणार? महाराष्ट्रात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः वाटा देणारी दुरुस्ती १९९४ मध्ये झाली आणि देशभर ती २००५ मध्ये झाली. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांचा राजीनामा १९५१ चा आहे. या अंतरावरून ‘क्षेत्र’ हे रूपक किती खोल रुजले होते याची कल्पना यावी.

दहाव्या अध्यायात संकराची लांबलचक यादी येते. शूद्र पुरुष आणि ब्राह्मण स्त्री यांची संतती चांडाळ, सर्वांत नीच. बीज श्रेष्ठ, क्षेत्र श्रेष्ठ की दोन्ही, असा वादही तेथे नोंदवला आहे. आणि त्याच अध्यायात शेतीविषयीचे मतही आहे. लोखंडी तोंडाचा फाळ भूमीला आणि भूमीतल्या जिवांना मारतो, म्हणून शेती सज्जनांनी निंदिलेली आहे, असा त्याचा आशय. फाळ धरणे निंद्य, पण फाळाच्या रेघेतून आलेली उपमा धर्मशास्त्राला चालते! घाम नको, घामातून निपजलेला शब्द हवा. सांस्कृतिक वर्चस्व याच पद्धतीने उभे राहते. श्रमिकाची भाषा त्याच्याकडून घेतली जाते आणि त्याच्याच विरुद्ध साक्षीला उभी केली जाते.

मनूच्या नवव्या अध्यायात आणखी एक वाक्य आहे. ज्याने खुंट काढून जमीन साफ केली त्याचे शेत, असा त्याचा आशय. तेथे ते स्त्रीवरचा पहिल्या नवऱ्याचा हक्क सांगण्यासाठी आले आहे. जमिनीच्या बाबतीत ते शब्दशः लावले असते तर? खाडीचे पाणी अडवून ज्यांनी बांध घातले, राने तोडून ज्यांनी खाचरे काढली, त्यांची नावे सातबाऱ्यावर सगळीकडे दिसली असती. ती तशी दिसत नाहीत.

४

बीज-क्षेत्राचे हे रूपक शेताच्या कसोटीवरही टिकत नाही. बी म्हणजे पुरुषाचा अंश नव्हे. वनस्पतीत नराचा वाटा परागकणाचा. मादीच्या बीजांडाशी त्याचा संयोग झाल्यावर बी तयार होते. बी हे आधीच आई-बाप दोघांचे अपत्य असते. त्यावरचे टरफल तर पूर्णपणे मातृवनस्पतीचे. वनस्पतींतले हे नर-मादीपण कामेरारिउस या जर्मन संशोधकाने १६९४ मध्ये प्रयोगांनी दाखवले. सस्तन प्राण्यांच्या मादीचे अंड फॉन बेअर यांना १८२७ मध्ये दिसले. मेंडेल यांचा वाटाण्याच्या झाडांवरचा निबंध १८६६ मध्ये छापला गेला. आनुवंशिक गुणांत दोन्ही पालकांचा वाटा सारखा, हे त्यातून सिद्ध झाले. मराठीतल्या जीवशास्त्राच्या पुस्तकांनी स्त्रीच्या अवयवाला ‘बीजांडकोश’ म्हटले, तेव्हा मनूने काढून घेतलेले बीज परिभाषेत तरी तिला परत मिळाले. समाजशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६ मध्ये ‘बीज आणि भूमी’ या प्रतीकांची सविस्तर चिकित्सा इंग्रजीत केली. मुलावरचा आणि संपत्तीवरचा पुरुषाचा हक्क या प्रतीकांनी कसा नैसर्गिक ठरवला, हे त्यांनी दाखवले. आपल्या चळवळीतल्या अभ्यासवर्गांत त्या निबंधाची चर्चा व्हायला हवी.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. संकरित ज्वारी जोमदार असते, म्हणून आंतरजातीय विवाह चांगला, असा युक्तिवाद आपल्यातले काही सुधारक करतात. हेतू चांगला, पण वाट मनूचीच. माणूस हे पीक आहे आणि लग्न ही पैदास आहे, हे त्यात गृहीत धरलेले आहे. आंतरजातीय विवाहाचे समर्थन उत्पन्नवाढीवर करायचे नसते, स्वातंत्र्यावर आणि बंधुभावावर करायचे असते.

अडीच हजार वर्षांच्या बुद्धपरंपरेने हा फरक फार स्वच्छ मांडला आहे. वासेट्ठ सुत्तात दोन ब्राह्मण तरुण विचारतात, माणूस ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने? बुद्धांचे उत्तर असे की गवत, झाडे, किडे, पशुपक्षी यांत जन्मजात खुणांनी जाती वेगळ्या ओळखता येतात, माणसांत तशा खुणा नाहीत. म्हणजे झाडांना जात आहे, माणसाला नाही. ‘जात’ हा शब्द कुठे लागू पडतो आणि कुठे नाही, याची सीमा तेथे आखलेली आहे. अश्वघोषाच्या नावावर असलेल्या ‘वज्रसूची’त फणस आणि उंबर यांचे उदाहरण येते. एकाच झाडाला खोडावर, फांदीवर, बुंध्याशी फळे लागतात, म्हणून ती वेगवेगळ्या जातींची होत नाहीत. कोकणात राहणाऱ्याला हे उदाहरण समजावून सांगावे लागत नाही. मुखातून ब्राह्मण आणि पायातून शूद्र या कथेला ते दिलेले उत्तर आहे. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त जोतीरावांनी याच कथेची रोखठोक चिरफाड केली. त्यांनी ब्रह्मदेवाच्या त्या अवयवांना बाळंतपणाचे साधे प्रश्न विचारले.

बाबासाहेबांनी १९१६ च्या ‘भारतातील जाती’ या निबंधात जातीचे मर्म सजातीय विवाहबंधनात दाखवले. रक्त राखण्यासाठी जात नाही, तर लग्नाभोवती घातलेल्या कुंपणातून जात निर्माण होते, हा त्यातला धडा. १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलना’त त्यांनी जातिव्यवस्थेला सुप्रजाशास्त्राचा आधार देणाऱ्यांना उत्तर दिले. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच, हे त्यांचे प्रतिपादन प्रसिद्ध आहे. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी मानवमितीच्या मोजमापांनी ब्राह्मण-अस्पृश्य वंशभेदाचा सिद्धांत मोडीत काढला. शुद्ध बीजाचा दावा असा शास्त्रानेही बाद झाला आहे. तरी तो जिवंत आहे, कारण त्याचे काम शास्त्राचे नव्हतेच, हक्क वाटण्याचे होते.

५

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. कष्टकऱ्याच्या लेखी बी म्हणजे काय?

धान्य तेच असते. खाल्ले की दाणा, राखले की बी. फरक राखण्यात आहे. सुगीत चांगली कणसे बाजूला काढणे, ती झोडून, वाळवून, राख लावून कणगीत किंवा कोकणात गवताच्या मुड्यात बांधून ठेवणे, आषाढ येईपर्यंत घरात उपास पडला तरी त्याला हात न लावणे, ही कामे बहुतेक बाईच्या वाट्याला आली. बी म्हणजे पुढच्या वर्षावरचा हक्क. दुष्काळात घराने बियाणे खाल्ले म्हणजे गावाला कळत असे की आता हे घर सावकाराच्या दारात जाणार. सवाई-दिढीने घेतलेले बियाणे सुगीला सव्वापट किंवा दीडपट परत करायचे, म्हणजे पुढच्या सुगीतला वाटा पेरणीच्या दिवशीच गहाण पडायचा.

ज्याच्याकडे शेतच नाही, त्याच्या घरात दाणा येत असे, बी येत नसे. महाराला बलुते मिळे, खळ्यावरचे उरलेसुरले मिळे, मेहनताना पायलीने मिळे. हा सगळा दाणा होता. गावची राखण, सांगाव्याचे काम, शेतांच्या हद्दींची साक्ष ही कामे त्याची. दुसऱ्याच्या शेताची सीमा त्याच्या शब्दावर ठरे, पण पुढच्या वर्षावर त्याचा हक्क नव्हता. वतनाची तुटपुंजी जमीन होती, तिच्या बदल्यात दिवसरात्र सरकारची आणि गावाची चाकरी होती. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले, ते या वेठीविरुद्ध होते. बावन्न हक्कांची दंतकथा आपल्या म्हाताऱ्यांनी अभिमानाने सांगितली. त्या हक्कांत दाणा किती आणि बी किती, हा हिशेब आपण मांडला पाहिजे.

सानपाड्याच्या दक्षिणेला, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, हा हिशेब एकदा उघडपणे मांडला गेला. खोती पद्धतीत कूळ जमीन कसे, बांध राखी, बी घाली आणि पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी पोचवी. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी येथे पंचवीस गावांच्या शेतकऱ्यांनी संप जाहीर केला. नारायण नागू पाटील त्याचे नेते. कारखान्याचा कामगार यंत्र थांबवतो, या कुळांनी पेरणी थांबवली. १९३९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षे, त्यांनी खोताच्या शेतात बी टाकले नाही. लोकांनी मोळ्या विकल्या, मासळी पकडली, उपास काढले, पण मूठ सोडली नाही. बी पेरणाऱ्याचा पिकावर हक्क नाही हा मनूचा निवाडा होता. पेरणारा नसेल तर क्षेत्रपतीच्या हाती काय उरते, हे चरीने दाखवले.

बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने कुळांची बाजू घेतली. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्यात आगरी, कुणबी, महार एकत्र चालले. १९३९ च्या कायद्याने ‘संरक्षित कूळ’ ही संज्ञा आणली, १९४८ च्या कायद्याने कूळकायदा व्यापक झाला, खोती १९४९ च्या कायद्याने गेली. ‘कूळ’ या शब्दाचा दुसरा अर्थ प्रथमच हक्काचा झाला. जन्माच्या कुळाने जे कधी दिले नव्हते, ते कसणाऱ्या कुळाने लढून मिळवले.

६

खाडीकाठच्या या पट्ट्यात बियाण्याचे ज्ञान वेगळे होते. खाऱ्या जमिनीत साधे भात तग धरत नाही. बांध घालून समुद्राचे पाणी अडवायचे, उघाडीतून आतले पाणी सोडायचे, पहिल्या पावसाने मीठ धुऊन जाऊ द्यायचे आणि मग मोड आणलेले बी चिखलात फेकायचे, ही रहू पद्धत. त्यासाठी राता भाताचे खारपट सोसणारे वाण लोकांनी पिढ्यान्पिढ्या निवडून ठेवले. काळा राता, भुरा राता ही नावे पुढे शास्त्रज्ञांच्या नोंदींत गेली. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी जे सुधारित वाण दिले, त्यांची नावे पनवेल-१, पनवेल-२ अशी आहेत. वाणाला केंद्राचे नाव मिळाले. ज्या बायांनी राता निवडला, त्यांचे नाव कुठल्याच वाणाला नाही.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे-कुलाब्याच्या पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या जाऊ लागल्या. सानपाडा त्यांतले एक. मोबदला रोख होता. शेतकऱ्याच्या भाषेत तो दाणा होता. एकदा खाल्ला की संपला. बी मागण्यासाठी लढा झाला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात शेतकरी रस्त्यावर आले आणि गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याचे तत्त्व या लढ्यातून मान्य झाले. शहर वाढेल तशी आपलीही वाढ व्हावी, ही ती मागणी. ती पुढच्या वर्षाचीच मागणी होती.

या लढ्याचे मोल मान्य करूनही दलित वाचकाने एक प्रश्न विचारला पाहिजे. साडेबारा टक्के कशाचे? संपादित जमिनीचे. ज्याची जमीन संपादित झालीच नाही, कारण ती कधी त्याच्या नावावर नव्हतीच, त्याचे साडेबारा टक्के म्हणजे शून्य. लावणीला वाकलेली मजूर बाई, मिठागरात राबणारा कामगार, गावकुसाबाहेरचे घर, यांनी या भूमीत घातलेले श्रम त्या सूत्रात मोजता येत नाहीत. हा दोष लढणाऱ्या शेतकऱ्यांचा नाही. मालकी हीच हक्काची एकमेव भाषा मानणाऱ्या व्यवस्थेचा तो दोष आहे. क्षेत्रपतीला पीक, पेरणाऱ्याला काही नाही, हा जुना निवाडा नव्या शहराच्या कागदांत निराळ्या अक्षरांत वाचायला मिळतो.

७

हा निवाडा आपल्या रोजच्या कागदांतही आहे. जातीच्या दाखल्यासाठी अर्ज करणारा विद्यार्थी वंशावळीचे प्रतिज्ञापत्र आणतो. त्यात आजोबा, पणजोबा, चुलते असतात. आई क्वचितच असते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा हवा, आणि तो वडिलांकडचा. नवऱ्याने टाकलेल्या किंवा स्वतःच्या हिमतीवर मूल वाढवणाऱ्या दलित बाईच्या मुलांना यामुळे किती खेपा घालाव्या लागतात, हे वर्गावर शिकवणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमेशभाई दाभाई नाईका यांच्या प्रकरणात एक महत्त्वाचा निर्णय दिला. आई आदिवासी आणि वडील बिगर-आदिवासी असलेल्या मुलाचे ते प्रकरण होते. मुलाची जात वडिलांचीच, हे गृहीतक अंतिम नाही. आईच्या समाजात वाढून त्याने तेच अपमान आणि तेच दारिद्र्य भोगले असेल तर ते पुराव्याने दाखवता येते, असे न्यायालयाने म्हटले. जात बीजातून येत नाही, भोगण्यातून येते, ही गोष्ट कायद्याने अंशतः मान्य केली. तरीही पुरावा देण्याचे ओझे आईच्याच बाजूला राहिले.

आपल्या घराकडेही पाहू. बौद्ध वधू-वर मेळाव्यांत पोटजातीची चौकशी होते. ‘आपल्यातलीच हवी’ हे वाक्य धम्मदीक्षा घेतलेल्या घरांत आजही ऐकू येते. भाषणांत ‘भीमाचे रक्त’ आणि ‘क्रांतीचे बीज’ यांची रेलचेल असते. रूपक म्हणून त्यावर आक्षेप घेण्याचे कारण नाही. पण रक्त आणि बीज यांचा अभिमान वारशाने मिळतो असे आपण मानू लागलो, तर १९५६ चे धर्मांतर कशासाठी होते? बाबासाहेबांनी लाखोंना दीक्षा दिली ती जन्माने मिळालेले टाकण्यासाठी. बावीस प्रतिज्ञा कुणाला जन्मतः लाभत नाहीत, त्या प्रत्येकाला स्वतः घ्याव्या लागतात.

मग हा शब्द टाकून द्यायचा का? मला तसे वाटत नाही. शब्द टाकले तर ते दुसऱ्याच्या ताब्यात राहतात. बीजाचा जन्मसिद्ध अर्थ नाकारायचा आणि राखण्याचा, वाटण्याचा, पुढच्या वर्षावर हक्क सांगणारा अर्थ घट्ट धरायचा. तो अर्थ जिवंत असल्याची उदाहरणे आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे या महादेव कोळी समाजातल्या बाईंनी गावरान बियाणे जमवले, वाढवले आणि गावोगाव दिले. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना ‘बीजमाता’ म्हणतात. मनूच्या भाषेत हा शब्द संभवतच नाही, कारण तेथे बीज पुरुषाचे आणि माता केवळ क्षेत्र. मराठी माणसाने तो सहज वापरला आणि कुणालाही तो खटकला नाही. आपल्या सीमेपलीकडे तेलंगणात जहिराबाद भागात दलित बायांच्या संघांनी ज्वारी-बाजरीचे, कडधान्यांचे बियाणे आपल्या घरांत राखून गावांना पुरवले आहे. ज्यांच्या आज्यांना केवळ दाणा मिळत होता, त्यांच्या घरात आज बी आहे.

कायद्यातही या अर्थाला थोडी जागा झाली आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि व्यापारी नाममुद्रा न लावता विकण्याचा हक्क दिला. परंतु संकरित बियाण्याचे पीक पुढच्या पिढीत एकसारखे उतरत नाही, म्हणून ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. हक्क कागदावर आणि बी दुकानात, अशी ही अवस्था आहे. महाराष्ट्राने १९७८ मध्ये महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ काढले. त्याच्या योजनांत ‘बीजभांडवल’ आहे. नाव नेमके आहे. ज्याला पिढ्यान्पिढ्या दाण्यावर जगवले, त्याला राखायला आणि पेरायला काहीतरी देणे हा त्या शब्दाचा अर्थ. म्हणून त्या कर्जाकडे, शिष्यवृत्तीकडे, आरक्षणाकडे कुणी उपकाराचा दाणा म्हणून बोट दाखवले तर त्याला उत्तर देता आले पाहिजे. हे बी आहे आणि त्यावर आमचा हक्क आहे, कारण या देशाच्या प्रत्येक सुगीत आमचे श्रम पेरलेले आहेत.

कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे. पुढच्या अभ्यासवर्गात एक फळा घ्या. त्यावर बी, वाण, जात, कूळ, वंश, क्षेत्र, संकर हे सात शब्द लिहा. प्रत्येकापुढे शेतातला अर्थ, शास्त्रातला अर्थ आणि आपल्या वस्तीत चालणारा अर्थ लिहायला सांगा. दाखल्यासाठी खेपा घालणारी एखादी मुलगी त्या वर्गात असेल, तर तिला आईचे नाव घालून वंशावळ नव्याने मांडायला सांगा. आणि २०१२ च्या त्या निकालाची प्रत तिच्या हातात द्या.